डोंगर संपण्यापूर्वीची मोजणी

पालघरहून मनोरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सूर्या नदीच्या काठी वसलेल्या मासवणपासून उत्तरेस बोईसर-चिल्हार मार्गावरील नागझरीपर्यंत जो डोंगराळ टापू पसरला आहे, तेथील काळ्या पाषाणाला अलीकडच्या काळात जेवढी मागणी आली आहे तेवढी पूर्वी कधीही आली नव्हती. तारापूरची औद्योगिक वसाहत आणि तिच्या आधाराने वाढलेले बोईसर, १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यापासून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्याचे नवे मुख्यालय, मुंबई-अहमदाबाद महामार्ग, मालगाड्यांचा स्वतंत्र लोहमार्ग, मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग, बुलेट ट्रेनचे खांब आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झालेले वाढवण बंदर, या सर्वांना खडी हवी, डबर हवे, भरावासाठी मुरूम हवा. आणि हा माल फार दुरून वाहून आणणे कोणालाच परवडत नसल्यामुळे त्याचा मोठा भार जवळच्या डोंगरांवर पडणे अपरिहार्य आहे. ही कामे व्हावीत की न व्हावीत हा वाद मोठा आहे, आणि ज्यांची घरे, वाड्या आणि मासेमारीची वहिवाट त्यात गुंतली आहे त्यांनी तो निकराने मांडलाही आहे. प्रस्तुत लेखाचा विषय त्याहून लहान आहे, पण त्या वादात कोणत्याही बाजूला उभ्या असलेल्या माणसाला तो सारखाच लागू पडतो. जो डोंगर आपण फोडतो तो फोडण्यापूर्वी, फोडत असताना आणि फोडून झाल्यावर यथार्थ मोजण्याची विद्या ज्याला अवगत आहे, अशा माणसाला आपल्या दगडखाणींच्या कारभारात स्थान काय, हा तो प्रश्न.

खाण म्हटली की आपल्या मनात विदर्भातील कोळसा आणि मँगनीज येतात, गोव्याचे लोहखनिज येते. गावाबाहेरची दगडाची खदान ही कोणाला खाण वाटत नाही. कायद्याची दृष्टी मात्र निराळी आहे. १९५२ च्या खाण कायद्याने बांधकामाचा दगड, खडी, मुरूम, वाळू, माती यांच्या उघड्या खाणींना आपल्या बहुतेक तरतुदींतून जी सूट दिली होती ती तीन अटींवर दिली होती: खोदकामाची खोली सर्वांत उंच बिंदूपासून सर्वांत खोल बिंदूपर्यंत कोठेही ६ मीटरपेक्षा अधिक असता कामा नये, कोणत्याही एका दिवशी ५० हून अधिक माणसे कामावर असता कामा नयेत, आणि स्फोटके वापरलेली असता कामा नयेत. यांतील एकही अट मोडली की सूट संपली. ज्या खाणीत सुरुंगाचा बार उडतो, किंवा जिचा तळ माथ्यापासून सहा मीटरांपेक्षा कितीतरी खाली गेलेला रस्त्यावरूनही दिसतो, ती खाण कायद्याने पूर्ण अर्थाने खाण आहे. धनबादच्या खाण सुरक्षा महानिदेशालयाचा अंमल तिच्यावर आहे आणि धातुमय खाणींचे १९६१ चे विनियम तिला लागू आहेत. असे असूनही आपल्याकडे तिचा सारा व्यवहार गौण खनिज या एका शीर्षाखाली महसूल खात्याच्या दप्तरात होतो, आणि म्हणून तिची मोजणी ही मुख्यतः स्वामित्वधनाची वसुली कशी व किती करावयाची एवढ्याच हेतूने केली जाते.

या मोजणीची रीत खेड्यातील प्रत्येकाने पाहिलेली आहे. तक्रार येते, तलाठी आणि मंडळ अधिकारी पंचांना घेऊन खाणीवर जातात, फीत लावून लांबी, रुंदी आणि खोली काढतात, तिन्हींचा गुणाकार करून ब्रास किती ते पंचनाम्यात लिहितात, आणि त्या आकड्यावर तहसीलदारांची नोटीस निघते. विनापरवाना उत्खनन ठरले तर जमीन महसूल संहितेच्या ४८ व्या कलमाप्रमाणे दंड बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत जाऊ शकतो, म्हणजे त्या फितीच्या टोकावर लाखो रुपये लोंबकळत असतात. हे काम करणाऱ्या तलाठ्याला दोष देण्याचा माझा मुळीच हेतू नाही. सात-बारा, पीकपाहणी, निवडणूक, आपत्ती आणि अनुदाने या सर्वांचा बोजा वाहणाऱ्या त्या कर्मचाऱ्याकडून आपण घनफळशास्त्राची अपेक्षा करतो, ही चूक व्यवस्थेची आहे. पण चूक किती मोठी असू शकते हे एका साध्या उदाहरणाने ध्यानात यावे. ६० मीटर लांब आणि ४० मीटर रुंद अशा मध्यम आकाराच्या खाणीत सरासरी खोली ठरवताना केवळ अर्ध्या मीटरचा फरक पडला, तर १,२०० घनमीटरांचा, म्हणजे जवळजवळ ४२४ ब्रासांचा फरक पडतो. आणि ज्या खाणीचा तळ कोठे खळगा तर कोठे उंचवटा आहे, कडा आत-बाहेर झालेल्या आहेत आणि एका कोपऱ्यात कमरेइतके पाणी साठले आहे, तिची सरासरी खोली फितीने अर्ध्या मीटरपर्यंत बिनचूक सांगणे भल्याभल्यांना शक्य नाही.

याहून खोल अडचण पुढची आहे. खाणीचे घनफळ म्हणजे दोन पृष्ठभागांमधील अंतर: एक आजचा तळ, आणि दुसरा खोदकाम सुरू होण्यापूर्वीचा डोंगराचा मूळ पृष्ठभाग. पहिला पृष्ठभाग समोर आहे, तो कधीही मोजता येतो. दुसरा नाहीसा झालेला आहे. तो डोंगर कसा होता, त्याचा माथा किती उंच होता, उतार कोणत्या बाजूला होता, हे ज्याने खाणपट्टा देण्यापूर्वी मोजून, जवळच्या अचल अशा तलचिन्हाशी त्याच्या उंचीचा संबंध जोडून, नकाशावर समोच्चरेषांनी उतरवून ठेवले नाही, त्याला पुढे कितीही भारी यंत्र आणून दिले तरी उत्तर मिळणार नाही. मग खाणमालक म्हणतो की येथे मुळातच घळ होती, तक्रारदार म्हणतो की येथे टेकडी होती, आणि दोघेही प्रामाणिक असू शकतात; वाद मात्र वर्षानुवर्षे अपिलात लोंबतो. भारतीय सर्वेक्षण विभागाने शासनाच्या सहकार्याने उभारलेली उपग्रहाधारित स्थिर स्थानके, त्यांच्या आधारे स्थान सांगणारे फिरते रोव्हर, कोन व अंतर मोजणारी ईटीएस यंत्रे आणि ड्रोन ही साधने आता महाराष्ट्रात मोजणीसाठी उपलब्ध आहेत, आणि त्यांचे मी मनापासून स्वागत करतो. परंतु ड्रोनला आज दिसते तेवढेच दिसते. काल काय होते ते सांगण्यासाठी कोणी तरी काल तेथे उभे राहिलेले असावे लागते. म्हणून खाण-सर्वेक्षकाचे पहिले काम पहिल्या बाराच्या आधीचे असते, आणि आपल्या पद्धतीत त्याला बहुधा शेवटच्या ट्रकनंतर बोलावले जाते, तेही कज्जा उभा राहिला तर.

ब्रासचे माप घेऊया, कारण या धंद्यातील अर्धा अविश्वास तेथून उगवतो. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर, हे सर्वांना ठाऊक आहे. पण शंभर घनफूट कशाचे? डोंगरात बसलेल्या सलग पाषाणाचे, की फोडून डंपरमध्ये भरलेल्या, मध्ये हवेची पोकळी असलेल्या दगडांचे? काळा दगड फुटला म्हणजे त्याचे आकारमान ढोबळमानाने दीडपट होते. वरच्याच खाणीची खोली १० मीटर धरली तर सलग दगड सुमारे ८,५०० ब्रास निघतो, आणि तोच वाहनांत मोजला तर पावणेतेरा हजार ब्रासांच्या घरात जातो. वाहतूक पासांवरील बेरीज आणि खड्ड्याचे माप यांची तुलना करताना हा गुणक कोणी, कोणत्या प्रयोगाने आणि कोणत्या दगडासाठी ठरवला, हे लिहिलेले नसेल तर चार हजार ब्रासांची चोरी नसताना दिसेल किंवा असताना झाकली जाईल. चांगला सर्वेक्षक येथे थांबतो, त्याच खाणीतील दगडाची घनता तपासतो, भरलेल्या काही वाहनांचे वजन करून गुणक स्वतः काढतो आणि तो कसा काढला हे अहवालात नमूद करतो. यात गूढ असे काही नाही. पण हे करण्यासाठी गणित, पदार्थविज्ञान आणि सचोटी ही तिन्ही एका माणसात असावी लागतात.

त्या माणसाला भूशास्त्रही आले पाहिजे, निदान आपल्या पायाखालचे. सह्याद्रीच्या पश्चिमेचा हा प्रदेश साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांनी बनलेला आहे, आणि ते थर एकजिनसी नाहीत. एक थर घट्ट व काळाभोर, त्यावरचा सच्छिद्र व ठिसूळ, दोहोंच्या मध्ये कोठे कोठे तांबड्या, भुसभुशीत मातकट द्रव्याची पट्टी, आणि किनाऱ्याला साधारण समांतर जाणाऱ्या उभ्या भित्तींनी हे सगळे आडवे छेदलेले. खाणीची भिंत जेथे कोसळते तेथे पुष्कळदा अशी दुर्बळ पट्टी किंवा तडा असतो, आणि पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाणी पिणाऱ्या या मुलखात ती अधिकच निसरडी होते. १९६१ च्या विनियमांत मुरूम-मातीच्या थराला ४५ अंशांहून अधिक चढा उतार ठेवू नये, अथवा दीड मीटरहून उंच पायऱ्या करू नयेत, असे जे सांगितले आहे ते कारकुनी हौसेने लिहिलेले नाही. त्या पायऱ्या खरोखर किती उंच आहेत आणि त्यांची रुंदी उंचीइतकी तरी राहिली आहे काय, हे महिन्या-महिन्याने मोजून नकाशाच्या छेदात दाखवणे हे सर्वेक्षकाचे काम आहे, आणि त्या छेदाखाली काम करणाऱ्या मजुराच्या प्राणाशी त्याचा थेट संबंध आहे.

आणखी एक बारकावा सांगण्याचा मोह आवरत नाही. या काळ्या पाषाणात लोहचुंबकीय खनिजाचे कण असतात, त्यामुळे डोंगरमाथ्यावर वा खाणीच्या भिंतीजवळ होकायंत्राची सुई स्थानिक आकर्षणाने कित्येकदा अंशा-दोन अंशांनी भलतीकडे वळते. एका अंशाची चूक १०० मीटरवर पावणेदोन मीटरची होते आणि खाणपट्ट्याची हद्द शेजारच्या शेतात किंवा वनखात्याच्या सरहद्दीत शिरते. ज्याला हे ठाऊक आहे तो सुईवर विसंबत नाही. तो ज्ञात बिंदूंवरून कोन मोजत येतो, फेरी पूर्ण करून पुन्हा आरंभबिंदूवर पोचतो आणि बंद होताना किती फरक राहिला ते लिहितो. नकाशावर खरी उत्तर दिशा दाखवावी, चुंबकीय दाखवल्यास ती कोणत्या तारखेची ते लिहावे, असा खाणनकाशांचा जो जुना दंडक आहे त्याचे मर्म हेच आहे; चुंबकीय उत्तर कालांतराने सरकते, आणि तारखेवाचून ती दिशा निरर्थक होते. गेऑर्ग अग्रिकोला याने १५५६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या लॅटिन ग्रंथाच्या पाचव्या भागात खाणीतील मोजणीचे विवेचन केले, तेव्हापासून या विद्येचा गाभा बदललेला नाही. आपल्याच जिल्ह्यात, १७३९ साली चिमाजी अप्पांच्या सैन्याने वसईच्या तटाखाली सुरुंग नेले तेव्हा बुरूज जमिनीखालून नेमका किती हातांवर आहे हे ठरवणारा कोणी तरी त्या अंधारात असलाच पाहिजे. त्याचे नाव इतिहासाने ठेवले नाही. कोकण रेल्वेच्या कारबुडे बोगद्यासारख्या साडेसहा किलोमीटर लांबीच्या कामात ज्यांनी पाषाणाच्या आत दिशा अचूक राखली, त्यांचीही नावे आपल्याला सहसा ठाऊक नसतात.

परंतु यंत्र, गणित, भूशास्त्र आणि कायदा एवढ्याने खाण-सर्वेक्षक पुरा होत नाही, आणि ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहावयास घेतला ती येथून पुढे आहे. कोळसा खाणींच्या १९५७ च्या विनियमांत सर्वेक्षकाची कर्तव्ये सांगताना एक विलक्षण तरतूद होती. त्याने पृष्ठांक घातलेले बांधीव पुस्तक ठेवावे. खाणीचे काम हद्दीपासून किंवा जुन्या, पाणी साठलेल्या कामांपासून सुमारे ७५ मीटरवर आले की ती हकीकत त्यात लिहावी. आणि आपण केलेल्या नकाशांच्या अचूकतेविषयी काही संशय असेल किंवा उत्पन्न होईल, तर तोही त्यात नोंदवावा, त्यावर सही करावी आणि व्यवस्थापकाची प्रतिस्वाक्षरी घ्यावी. सरकारी नियमांच्या अरण्यात मी वाचलेली ही सर्वांत शहाणी तरतूद आहे. सामान्यतः नोकराने आपली खात्री लिहावी अशी वरिष्ठांची अपेक्षा असते. येथे कायदा त्याला आपला संशय लिहिण्याची आज्ञा करतो, आणि धन्याने तो वाचला याचा पुरावाही मागतो.

ही आज्ञा कशाच्या किमतीवर विकत घेतलेली आहे, हे खाणींच्या इतिहासाला ठाऊक आहे. १८ नोव्हेंबर १९७५ रोजी आपल्याच राज्यात, नागपूर जिल्ह्यातील सिलेवारा खाणीत पाणी शिरून १० माणसे गेली. त्यानंतर सव्वा महिन्यांनी, २७ डिसेंबरला, धनबादजवळच्या चासनाला खाणीत जुन्या कामात साठलेले पाणी फुटून ३७५ माणसे बुडाली. त्या दुर्घटनेवर पुढे चित्रपट निघाला म्हणून ती आपल्या स्मरणात राहिली. २ फेब्रुवारी २००१ रोजी बागडिगी येथे शेजारच्या सोडून दिलेल्या जयरामपूर खाणीचे पाणी मधली भिंत फोडून आत आले आणि २९ जण गेले. दोन खाणींमधील भिंत कागदावर किती जाड आहे आणि जमिनीत किती, या दोहोंतील अंतर अशा वेळी प्राणांनी भरून काढावे लागते.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात क्वीक्रीक येथे २४ जुलै २००२ च्या रात्री असेच घडले. शेजारची जुनी खाण सुमारे ३०० फूट दूर आहे असे हाती असलेला नकाशा सांगत होता. तिचा अखेरचा नकाशा मिळालेला नव्हता, आणि प्रत्यक्षात ती अगदी लगत होती. पाणी फुटले आणि नऊ कामगार सुमारे २४० फूट खोलीवर अडकले. त्याच रात्री मोजणीदारांनी उपग्रहाच्या साहाय्याने वर शेतात एक बिंदू ठरवला, तेथे अवघ्या काही इंच व्यासाचे छिद्र पाडले गेले, आणि ते खाली कामगार होते त्याच जागी उतरले. त्यातून त्यांना हवा मिळाली, तेथूनच जवळ पुढे मोठे विवर खणले गेले, आणि तीन दिवसांहून अधिक काळानंतर नऊच्या नऊ जण जिवंत वर आले. ज्या विद्येच्या एका जुन्या उणिवेने त्यांना गाडले, त्याच विद्येच्या अचूकतेने त्यांना काढले. खाण-मोजणीचे महत्त्व समजून घेऊ इच्छिणाऱ्याला मी हे एकच उदाहरण सांगेन.

यावर कोणी म्हणेल की मासवण-नागझरीच्या उघड्या दगडखाणींत असले भूमिगत प्रलय संभवत नाहीत. खरे आहे. पण संशय लिहिण्याचे प्रसंग येथेही कमी नाहीत. शेजाऱ्याच्या हद्दीपासून साडेसात मीटर आणि लोहमार्ग, सार्वजनिक रस्ता, इमारत किंवा सार्वजनिक बांधकाम यांपासून ४५ मीटर अंतराच्या आत परवानगीवाचून खोदू नये, असा विनियमांचा दंडक आहे. वसई-विरारला पाणी पुरवणारे उदंचन केंद्र मासवणला आहे, आणि जलवाहिन्या, कालवे, उच्चदाबाच्या तारा, रस्ते यांचे जाळे या टापूत पसरले आहे. हे अंतर कोठून मोजावयाचे, नकाशावरील रेषेपासून की प्रत्यक्षातील भिंतीपासून, आणि दोहोंत फरक आढळला तर काय, याचे उत्तर कोणी तरी सहीनिशी दिले पाहिजे. सुरुंगाच्या हादऱ्यांचा प्रश्नही असाच आहे. खाण सुरक्षा महानिदेशालयाच्या १९९७ च्या परिपत्रकाने खाणमालकाची नसलेली साधी घरे असतील तेथे, कमी कंपनसंख्येच्या हादऱ्यांसाठी जमिनीच्या कंपनाची कमाल मर्यादा सेकंदाला ५ मिलिमीटर ठरवली आहे. त्यात २०१८ च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीच्या बाजूला भूकंपाच्या लहान-मोठ्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. आता घरकुलाच्या भिंतीला तडा गेला की तो बारामुळे की भूकंपामुळे, यावर मालक आणि रहिवासी यांच्यात वितंडवाद होतो, आणि निवाडा करण्याचे साधन दोघांपाशीही नसते. बाराची वेळ, दारूचे वजन, घरापर्यंतचे मोजलेले अंतर आणि कंपनमापकाची नोंद ही चारही एका वहीत असली तर हा वाद एका दुपारी मिटेल. ती नसली तर तो तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवीत राहील.

हद्दीच्या बाबतीत गोव्यात हेच मोठ्या प्रमाणावर घडले. पोर्तुगीज अमदानीतील सवलतींवर उभ्या राहिलेल्या खाणपट्ट्यांच्या हद्दी कोठे होत्या, त्यांचे अतिक्रमण किती, यावर न्यायमूर्ती शाह आयोगाच्या काळात केवढा गहजब झाला हे सर्वांनी पाहिले. हद्दीचा दगड वेळच्या वेळी रोवला नाही म्हणजे वीस वर्षांनी आयोग नेमावा लागतो.

पालघर जिल्ह्याचा बराच भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो, आणि १९९६ च्या पेसा कायद्याप्रमाणे अशा क्षेत्रात गौण खनिजाचा पट्टा देण्यापूर्वी ग्रामसभेची शिफारस आवश्यक आहे. ही शिफारस मागताना ग्रामसभेपुढे ठेवला जाणारा कागद बहुधा गट क्रमांक आणि क्षेत्र एवढेच सांगतो. माझे म्हणणे असे की ज्या नकाशावर गावठाण, पाण्याचे झरे, वहिवाटीची पायवाट, वनहक्काने मिळालेली जमीन, डोंगराच्या समोच्चरेषा, आणि दहा वर्षांनी तेथे उरणारा खड्डा त्याच्या खोलीसह दाखवलेला नाही, त्या नकाशावर ग्रामसभेने अनुकूल किंवा प्रतिकूल, कोणतेही मत देण्याची सक्ती तिच्यावर होऊ नये. असा नकाशा काढणे आणि तो पाड्यावरच्या माणसाला त्याच्या बोलीत, बोट ठेवून समजावून देणे, हीदेखील सर्वेक्षकाच्या विद्येचीच अंगे मानली पाहिजेत. वारली माणसाला आपल्या डोंगराची ओळख पटवून द्यावी लागत नाही; त्याला कागदाची लिपी तेवढी उलगडून हवी असते.

असा सर्वेक्षक आणावयाचा कोठून? खाणशास्त्राचे मराठी मुलखातील सारे वैभव नागपुरात एकवटले आहे: भारतीय खाण ब्यूरो तेथे, वेस्टर्न कोलफिल्ड्सचे मुख्यालय तेथे, अभियांत्रिकीतील खाणविभाग तेथे. कोकणात दगड फुटतो पण ही विद्या शिकवली जात नाही. ती शिकवणे फारसे कठीण नाही. खाण सुरक्षा महानिदेशालय सर्वेक्षकाचे प्रमाणपत्र देते, आणि ते केवळ उघड्या खाणींपुरते मर्यादितही मिळू शकते. त्यासाठी विहित अनुभव, प्रथमोपचाराचा दाखला, शारीरिक पात्रता आणि परीक्षा लागते. पालघर जिल्ह्यातील शासकीय तंत्रनिकेतनात स्थापत्य शाखेच्या जोडीला खाण-मोजणीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम सुरू करावा, त्यात आश्रमशाळांतून दहावी-बारावी झालेल्या मुलामुलींसाठी जागा राखून ठेवाव्यात, अनुभवासाठी त्यांना काही महिने नागपूर-चंद्रपूरकडील खाणींवर पाठवावे, आणि परीक्षेची फी व निर्वाहखर्च जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या निधीतून द्यावा. जो निधी खाणींनी बाधित झालेल्या लोकांसाठीच उभा केलेला आहे त्याचा याहून उचित विनियोग मला सुचत नाही.

मात्र या सर्वेक्षकांना नोकरी कोणाची असावी याविषयी मी आग्रही आहे. कायद्याने सर्वेक्षक नेमण्याची जबाबदारी खाणमालकावर आहे, आणि मोठ्या खाणींत ते योग्यही आहे. पण चार-पाच एकरांच्या दगडखाणीत धन्याच्या पगारावर असलेल्या माणसाने धन्याविरुद्ध संशय लिहावा, ही अपेक्षा माणसाच्या स्वभावाला धरून नाही. आणि त्याला महसूल खात्याच्या हाताखाली ठेवले तर वसुलीचे उद्दिष्ट त्याच्या दुर्बिणीत शिरेल. म्हणून लहान खाणींसाठी जिल्ह्याने प्रमाणित सर्वेक्षकांचे एक स्वतंत्र मंडळ ठेवावे, खाणमालकांनी त्याची फी जिल्हा खनिकर्म कार्यालयात भरावी, कोणत्या खाणीवर कोणी जावयाचे हे पाळीपाळीने ठरावे, आणि त्याच खाणीवर लागोपाठ दोन वर्षे तोच माणूस जाऊ नये. पट्टा देण्यापूर्वीच्या मूळ पृष्ठभागाचा नकाशा या मंडळाच्या सहीवाचून कोणत्याही प्रस्तावाला जोडू नये. पावसाळ्यापूर्वी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा प्रत्येक खाणीचे छेद काढले जावेत. २०१६ पासून प्रत्येक जिल्ह्याने जो सर्वेक्षण अहवाल तयार करावयाचा आहे, त्यातील आकडे याच मोजणीवर आधारलेले असावेत. आज ते कशावर आधारलेले असतात हे वाचकाला त्या अहवालातूनच समजले पाहिजे.

आणि वर सांगितलेल्या, संशय नोंदवण्याच्या त्या पृष्ठांकित पुस्तकाची एक प्रत ज्या गावच्या हद्दीत खाण आहे त्या ग्रामपंचायतीच्या दप्तरात ठेवावी. सर्वेक्षकाने खाणीतून परतताना तेथे थांबून आपली नोंद स्वतःच्या हाताने लिहावी, संशय असेल तर तो मराठीत आणि स्पष्ट शब्दांत लिहावा, आणि ग्रामसेवकाने मिळाल्याची तारीख घालून सही करावी. मासवणसारख्या गावात हा प्रयोग येत्या पावसाळ्यानंतर लगेच सुरू करता येईल; त्यासाठी नवा कायदा लागत नाही, जिल्हाधिकाऱ्यांचा एक हुकूम आणि शंभर पानांची एक बांधीव वही पुरेशी आहे.